मुदत संपलेल्या विमापत्रांतून प्रदूषित जमिनीच्या सफाईचा खर्च कसा निघतो

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात, लॉस एंजेलिसच्या पूर्वेला सुमारे ८० किलोमीटरवर, ग्लेन एव्हन या वस्तीच्या वरच्या अंगाला एक घळ आहे. १९५५ मध्ये राज्य सरकारच्या भूशास्त्रज्ञाने तिची पाहणी केली आणि घळीचा तळ अभेद्य खडकाचा असून खालच्या बाजूस काँक्रीटचा बांध घातल्यास कारखान्यांची टाकाऊ रसायने येथे निर्धोकपणे साठवता येतील, असा अभिप्राय दिला. पुढच्याच वर्षी ‘स्ट्रिंगफेलो अ‍ॅसिड पिट्स’ या नावाने ओळखली जाणारी ही जागा सुरू झाली आणि १९७२ मध्ये बंद होईपर्यंत तेथे ३ कोटी गॅलनांहून अधिक, म्हणजे ११ कोटी लिटरांपेक्षा जास्त औद्योगिक टाकाऊ द्रव ओतला गेला. प्रत्यक्षात घळीच्या तळाखाली सुमारे ७० फुटांवर भूजल होते, अभेद्य म्हटलेला ग्रॅनाइट झिजून भेगाळलेला होता आणि बांधालाही ते पाणी अडवता आले नाही. १९६९ आणि १९७८ च्या अतिवृष्टीत विषारी पाणी घळीबाहेर गेले ते वेगळेच. १९९८ मध्ये फेडरल न्यायालयाने जागेची निवड, आखणी आणि देखरेख यांतील हयगयीबद्दल, तसेच उपाययोजना लांबवल्याबद्दल राज्य सरकारलाच जबाबदार धरले. सफाईचा खर्च ७० कोटी डॉलरांपर्यंत जाऊ शकतो, असे सरकारचे म्हणणे होते.

हा खर्च भागवण्यासाठी सरकारने जे मार्ग धरले त्यांपैकी एक सामान्य वाचकाला चमत्कारिक वाटेल. सरकारने १९६४ ते १९७६ या काळात घेतलेल्या, मुदत कधीच संपून गेलेल्या दायित्व विम्याच्या (म्हणजे आपल्यामुळे दुसऱ्याचे झालेले नुकसान भरून देणाऱ्या विम्याच्या) पॉलिसी बाहेर काढल्या आणि त्या कंपन्यांकडे पैसे मागितले. हा मार्ग केवळ सरकारसाठी नाही. पन्नास वर्षांपूर्वी लाँड्री, छापखाना, धातूला मुलामा देण्याचा कारखाना किंवा लाकूड टिकवण्यासाठी रसायने वापरणारी वखार चालवणाऱ्या हजारो छोट्या अमेरिकी व्यावसायिकांकडेही अशी विमापत्रे होती आणि त्यांच्यापैकी अनेकांच्या वारसांना आजही त्यांचा उपयोग होतो.

मुदत संपलेली पॉलिसी आज पैसे कशी देईल, हा पहिला प्रश्न. आपल्याकडच्या वाहन विम्यावरून तो चटकन उलगडतो. गेल्या वर्षी तुमच्या गाडीची कोणाला धडक बसली आणि त्या माणसाने यंदा न्यायाधिकरणात दावा लावला, तर भरपाई गेल्या वर्षीची पॉलिसी देते. दावा आला त्या दिवशी ती संपलेली होती याला महत्त्व नसते, कारण धडक बसली तेव्हा ती चालू होती. अमेरिकेतील व्यावसायिकांचा सर्वसाधारण दायित्व विमा १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत बहुतांशी याच तत्त्वावर विकला जात होता. १९६६ मध्ये विमा उद्योगाने या पॉलिसीचा जो प्रमाण मसुदा आणला, त्यात केवळ अचानक घडलेला अपघातच नव्हे, तर हानिकारक परिस्थितीशी आलेल्या संपर्कामुळे पॉलिसीच्या काळात झालेले नुकसानही सामावून घेतले होते. अट अशी, की ते नुकसान विमाधारकाच्या दृष्टीने अपेक्षित किंवा हेतुपुरस्सर नसावे. दावा अमुक वर्षांच्या आत आला पाहिजे, अशी अट त्या मसुद्यात नव्हती. विमा कंपन्यांनी ते शब्द स्वतः लिहिले, त्यांवर प्रीमियम घेतला आणि पुढे पंचवीस-तीस वर्षांनी त्याच शब्दांनी त्यांना बांधून ठेवले.

या शब्दांना एवढी किंमत आली ती एका कायद्यामुळे. न्यूयॉर्क राज्यातील लव्ह कॅनाल येथे गाडलेल्या रसायनांवर उभी राहिलेली वस्ती १९७८ मध्ये रिकामी करावी लागल्यानंतर देशभर जो क्षोभ उसळला, त्यातून ११ डिसेंबर १९८० रोजी राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी प्रदूषित जागांच्या सफाईसंबंधीच्या ‘सुपरफंड’ कायद्यावर सही केली. हा कायदा अत्यंत कडक आहे. चूक कोणाची होती हे तो विचारत नाही. जमिनीचा आजचा मालक, प्रदूषण झाले तेव्हाचा मालक किंवा चालक, कचरा पाठवणारा आणि काही परिस्थितींत तो वाहून नेणारा, अशा सर्वांना जबाबदार धरतो. नुकसानीची वाटणी करता येत नसेल तर एकट्याकडूनही संपूर्ण खर्च वसूल होऊ शकतो आणि ज्या काळात ते कृत्य पूर्णपणे कायदेशीर होते त्या काळालाही हा कायदा लागू होतो. म्हणजे कायद्याने दायित्व मागे नेले आणि त्याबरोबर मागच्या वर्षांतला विमाही जिवंत झाला.

यातला कळीचा मुद्दा असा, की जमिनीखालचे प्रदूषण एका दिवशी घडत नाही. कपड्यांच्या ड्राय क्लीनिंगसाठी दशकानुदशके वापरले गेलेले पर्क्लोरोइथिलीन हे द्रव्य घ्या. ते पाण्यापेक्षा दीडपटीहून अधिक जड असते. यंत्राच्या तळाशी ठिबकलेले थेंब काँक्रीटच्या फरशीतून किंवा गटाराच्या सांध्यांतून झिरपतात, मातीतून सरळ खाली जातात, भूजलाशी पोहोचल्यावरही तरंगत न राहता त्याच्या तळाकडे उतरतात आणि तेथे साठून वर्षानुवर्षे थोडेथोडे विरघळत राहतात. पिण्याच्या पाण्यात या द्रव्याची अमेरिकेतील कमाल मर्यादा लिटरमागे फक्त ५ मायक्रोग्रॅम आहे. एखाद्या छोट्या दुकानाखालून निघालेला दूषित पाण्याचा पट्टा शेजारच्या चार-सहा मालमत्तांखाली कसा जातो, हे यावरून लक्षात यावे. आता असे दुकान १९६२ ते १९८४ चालले असेल, तर नुकसान कोणत्या वर्षी झाले म्हणायचे?

कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये, डीडीटी बनवणाऱ्या माँट्रोझ केमिकल या कंपनीच्या खटल्यात, याचे उत्तर दिले. नुकसान अखंडपणे चालू राहिले असेल, तर ते ज्या ज्या पॉलिसीच्या काळात चालू होते, त्या प्रत्येक पॉलिसीला हाक मारता येते. (माँट्रोझचा कचराही स्ट्रिंगफेलोच्या घळीत गेलेला होता.) राज्य सरकारच्या खटल्यात पुढचा प्रश्न आला. कनिष्ठ न्यायालयाने सरकारला सांगितले, की कोणत्याही एकाच कालावधीच्या पॉलिसी निवडा आणि तेवढ्यांचीच मर्यादा घ्या. ती रक्कम इतर विमा कंपन्यांशी झालेल्या तडजोडींतून आधीच मिळालेल्या सुमारे १२ कोटी डॉलरांपेक्षा कमी असल्याने त्या निकालातून सरकारच्या पदरात काहीच पडले नाही. अपील न्यायालयाने हा निर्णय उलटवला आणि ऑगस्ट २०१२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. पॉलिसीत उलट काही लिहिलेले नसेल, तर लागू होणाऱ्या प्रत्येक पॉलिसीकडून तिच्या मर्यादेपर्यंत संपूर्ण नुकसान मागता येते आणि वेगवेगळ्या वर्षांच्या मर्यादा एकावर एक रचून त्यांची बेरीजही करता येते, असे त्या न्यायालयाने ठरवले. दरवर्षी १० लाख डॉलरांची मर्यादा असलेल्या दहा वर्षांच्या पॉलिसी हाती असतील, तर १० लाख मिळणार की १ कोटी, हा फरक या नियमावर अवलंबून असतो.

सर्व राज्ये या वाटेने गेली नाहीत. न्यू जर्सीने १९९४ पासून नुकसानीची वाटणी वर्षे आणि मर्यादा यांच्या प्रमाणात करण्याची पद्धत धरली. न्यूयॉर्कने २००२ मध्ये मुख्यतः कालावधीच्या प्रमाणात वाटणी स्वीकारली, मात्र पॉलिसीतील विशिष्ट कलमांमुळे २०१६ मध्ये तिला अपवादही मान्य केला. त्यामुळे एकाच शब्दांची पॉलिसी एका राज्यात पूर्ण खर्च देते आणि दुसऱ्या राज्यात त्याचा एक हिस्सा. कोणत्या राज्याचा कायदा लागू होतो, हा प्रश्न म्हणूनच खटल्याच्या पहिल्या दिवसापासून लढवला जातो.

विमा कंपन्यांच्या बाजूनेही भक्कम कलमे आहेत. १९७० पासून त्यांनी प्रदूषण वगळणारी पुरवणी जोडायला सुरुवात केली आणि १९७३ च्या प्रमाण मसुद्यात ती मूळ पॉलिसीतच आली. मात्र ‘अचानक आणि अपघाताने’ झालेले प्रदूषण या वगळणुकीतून सोडलेले होते. ‘अचानक’ म्हणजे क्षणार्धात, की ‘अनपेक्षितपणे’, यावर राज्याराज्यांच्या न्यायालयांत अक्षरशः दोन तट पडले. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये या कलमाचा संकुचित अर्थ विमा कंपन्यांना लावू दिला नाही, कारण नियामकांची मंजुरी घेताना उद्योगाने कलमाचा परिणाम सौम्य करून सांगितला होता. माझ्या मते हा या साऱ्या इतिहासातला सर्वांत न्याय्य निर्णय आहे. नियामकासमोर एक अर्थ सांगायचा आणि दावेदारासमोर दुसरा, हे चालू देता कामा नये. १९८५-८६ मध्ये मात्र कंपन्यांनी प्रदूषण जवळपास पूर्णपणे वगळले. इंडियानासारख्या राज्याने १९९६ मध्ये एका पेट्रोल पंपाच्या प्रकरणात ते कलमही संदिग्ध ठरवले, पण बहुतेक राज्यांत १९८६ नंतरच्या सर्वसाधारण पॉलिसींकडून फारशी आशा धरता येत नाही. शोध घ्यायचा तो त्यापूर्वीच्या कागदांचा, आणि १९७३ च्या आधीचे मिळाले तर उत्तमच.

दुसरी अडचण जमिनीच्या मालकीची. दायित्व विमा दुसऱ्याच्या नुकसानीसाठी असतो. स्वतःच्या मालमत्तेचे नुकसान तो सहसा भरून देत नाही. येथे भूजल निर्णायक ठरते. बऱ्याच ठिकाणी भूजल ही जमीनमालकाची खासगी मालमत्ता मानली जात नाही. त्यामुळे आपल्याच हद्दीतील माती उकरण्याचा खर्चसुद्धा, भूजलाचे किंवा शेजाऱ्याचे नुकसान थांबवण्यासाठी तो आवश्यक असेल तर, अनेक न्यायालयांनी विम्याच्या कक्षेत धरला आहे. म्हणून पर्यावरण सल्लागाराच्या अहवालात प्रदूषण भूजलापर्यंत पोहोचले आहे की नाही, याची नोंद नीट असणे विम्याच्या दृष्टीनेही महत्त्वाचे असते.

तिसरी अडचण बचावाच्या हक्काची आहे. जुन्या पॉलिसींत विमाधारकावर ‘खटला’ झाल्यास वकिलांचा खर्च कंपनी करील, असे वचन असे आणि हा खर्च बहुधा भरपाईच्या मर्यादेबाहेर असे. पण पर्यावरण खात्याकडून येते ते पत्र. पत्राला खटला म्हणायचे का? मॅसॅच्युसेट्सने १९९० मध्ये हो म्हटले. कॅलिफोर्नियाने १९९८ मध्ये नाही म्हटले. ओरेगन राज्याने तर याबाबत न्यायालयांवर विसंबून न राहता १९९९ च्या सुमारास खास कायदाच केला. पोर्टलंड बंदरातील नदीचा गाळ साफ करण्याचे प्रचंड काम डोळ्यांसमोर असलेल्या त्या राज्यात खात्याची कारवाई खटल्यासमान धरली जाते आणि हरवलेल्या पॉलिसींचा तपास विमा कंपनीने प्रामाणिकपणे करावा, असे बंधनही तिच्यावर आहे.

हरवलेल्या पॉलिसींचा हा तपास हाच या विषयातला सर्वांत कष्टाचा आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. अमेरिकेत यावर उपजीविका करणारे तज्ज्ञ आहेत आणि त्यांच्या कामाला ‘विमा पुरातत्त्व’ असे नाव पडले आहे. १९६० च्या दशकातली मूळ पॉलिसी जपून ठेवलेली सहसा सापडत नाही. मुदत संपल्यावर तिचा उपयोग संपला असे मानून ती फेकली गेलेली असते. सापडतात त्या तिच्या खुणा. समजा, जुन्या रोजकीर्द वहीत १९६८ च्या मार्च महिन्यात एका विमा दलालाला दिलेल्या रकमेची ओळ आहे. त्या दलालाचा व्यवसाय पुढे कोणी विकत घेतला हे शोधले, की त्याच्या गोदामातल्या खोक्यांत बिल मिळू शकते आणि बिलावर पॉलिसीचा क्रमांक असतो. क्रमांकाच्या सुरुवातीच्या अक्षरांवरून कंपनी आणि पॉलिसीचा प्रकार ओळखता येतो. भाड्याच्या जागेत धंदा असेल, तर घरमालकाने मागितलेले विम्याचे प्रमाणपत्र त्याच्या फायलीत राहिलेले असते आणि त्या एका पानावर कंपनीचे नाव, पॉलिसीचा क्रमांक, मुदत आणि मर्यादा ही चारही अंगे एकत्र मिळतात. कर्ज देणारी बँक, सरकारी कंत्राटाची कागदपत्रे, संचालक मंडळाची इतिवृत्ते, हिशेबतपासनिसाची टिपणे आणि एखाद्या कामगाराच्या जुन्या दाव्याची फाइल या सर्व जागा तपासण्यासारख्या आहेत. वरच्या थराची, म्हणजे मूळ विम्याची मर्यादा संपल्यावर लागू होणारी पॉलिसी हाती आली तर फारच उत्तम, कारण तिच्यासोबतच्या तक्त्यात तिच्याखालच्या मूळ पॉलिसीचा तपशील छापलेला असतो. निवृत्त मुनीम हयात असेल, तर त्याला आधी भेटावे. कोणत्या दलालाकडून विमा घेतला जाई, हे त्याच्याइतके कोणी सांगू शकत नाही.

एवढ्या तुकड्यांवरून न्यायालय पॉलिसी होती असे मानते का? बहुतेक ठिकाणी मानते. फेडरल पुराव्याच्या नियमांनुसार मूळ कागद दुष्ट हेतूशिवाय हरवला किंवा नष्ट झाला असेल, तर त्याचा मजकूर इतर पुराव्याने सिद्ध करता येतो. आणि १ जानेवारी १९९८ पूर्वी तयार झालेल्या, सत्यता प्रस्थापित झालेल्या दस्तऐवजातील विधाने पुरावा म्हणून ग्राह्य धरली जातात. पॉलिसीतील कलमे त्या वर्षीच्या प्रमाण मसुद्यावरून दाखवता येतात, कारण त्या काळी बहुतेक कंपन्या जवळपास तोच छापील नमुना वापरत. मर्यादा मात्र सिद्ध कराव्याच लागतात. पन्नास-साठच्या दशकांत तीन वर्षांची पॉलिसी एकदम विकण्याचीही पद्धत होती; मर्यादा तिन्ही वर्षांना मिळून एक, की दरवर्षी नवी, यावरही मोठे वाद झाले आहेत.

कागद सापडले म्हणजे काम फत्ते झाले, असे मात्र समजू नये. सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे आधी स्वतःच्या पैशाने सफाई करून मग कंपनीला कळवणे. बहुतेक पॉलिसींत लेखी सूचना तत्परतेने देण्याची आणि कंपनीच्या संमतीवाचून स्वेच्छेने पैसे न देण्याची अट असते. सूचना देण्याआधी केलेला खर्च अनेक राज्यांत बुडीत जातो. खात्याचे पत्र आले, की पाठोपाठ सापडलेल्या प्रत्येक कंपनीला, तिच्या आजच्या नावाने आणि पत्त्यावर, पोच मिळेल अशा रीतीने कळवावे.

आजचे नाव शोधण्याचे कारण असे, की जुन्या विमा कंपन्या विकल्या गेल्या, विलीन झाल्या किंवा बुडाल्या. द होम इन्शुरन्स ही एकेकाळची मोठी कंपनी २००३ मध्ये न्यू हॅम्पशायरमध्ये अवसायनात, म्हणजे मालमत्ता विकून देणी भागवण्याच्या प्रक्रियेत, गेली. लंडनच्या लॉइड्स या विमा बाजारातून घेतलेल्या पॉलिसींची गोष्ट वेगळी. ॲस्बेस्टॉस आणि प्रदूषणाच्या अमेरिकी दाव्यांनी तो बाजार इतका खचला, की १९९२ आणि त्यापूर्वीच्या वर्षांची देणी १९९६ मध्ये इक्विटास या स्वतंत्र संस्थेकडे वळवावी लागली आणि पुढे बर्कशायर हॅथवे या अमेरिकी उद्योगसमूहाच्या एका कंपनीने त्यांचा भार उचलला. अवसायनातील कंपनीकडून अंशतः रक्कम मिळते आणि काही वेळा राज्याचा हमी निधी मदत करतो, पण त्याच्या मर्यादा तुटपुंज्या असतात.

धंदा विकत घेणाऱ्याला विक्रेत्याच्या पॉलिसीचा हक्क मिळतो का, हाही वादाचा विषय होता. आमच्या संमतीशिवाय हक्क हस्तांतरित होत नाही, असे कंपन्या म्हणत. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये, मूळ १८७२ चे असलेल्या एका विमा कलमाचा आधार घेऊन, नुकसान होऊन गेल्यानंतर कंपनी असे हस्तांतर अडवू शकत नाही, असा निर्णय दिला. हा मुद्दा मराठी वाचकांपैकी काहींना जवळचा आहे. अमेरिकेत छोटी व्यापारी संकुले घेणारी मराठी कुटुंबे आहेत आणि पुण्या-मुंबईच्या काही उद्योगांनी तेथील जुने कारखाने विकत घेतले आहेत. अशा व्यवहारात जमिनीच्या तपासणी अहवालाबरोबरच विक्रेत्याच्या १९८६ पूर्वीच्या विमा नोंदी मागून घ्याव्यात, आणि त्या पॉलिसींवरचे हक्क करारात नावानिशी आपल्याकडे लिहून घ्यावेत. ज्या संकुलात कधीकाळी ड्राय क्लीनिंगचे दुकान होते, तेथे तर ते दुकान चालवणाऱ्याच्या आणि जमीनमालकाच्या, दोघांच्याही पॉलिसी शोधाव्यात.

विमा कंपन्यांची एक तक्रार विचारात घेण्यासारखी आहे. १९६० मध्ये प्रीमियम ठरवताना १९८० चा कायदा कोणाच्या स्वप्नातही नव्हता. हे खरे आहे; पण अनपेक्षित दायित्व उचलण्यासाठीच विमा विकला जातो आणि ज्या लाँड्रीवाल्याने तीस वर्षे नियमाने हप्ता भरला त्यालाही त्या कायद्याची कल्पना नव्हती. अनिश्चिततेचा भार कोणी घ्यायचा हे त्या दोघांनी पैसे देऊन-घेऊन ठरवले होते, म्हणून मला विमाधारकाची बाजू अधिक न्याय्य वाटते.

बहुतेक दावे निकालापर्यंत न जाता तडजोडीत संपतात आणि तेथे एक सापळा असतो. मोठी रक्कम देताना कंपनी पॉलिसीच परत विकत घेऊ पाहते, म्हणजे त्या जागेसह पुढचे सर्व दावे कायमचे बंद. एकाच जागेचा प्रश्न असलेल्या, धंदा गुंडाळलेल्या कुटुंबाला हे परवडते. पण ज्या कंपनीच्या इतर जागा आहेत किंवा जिच्या जुन्या मालात ॲस्बेस्टॉस होते, तिने मुक्ततेचा करार फक्त त्या एका जागेपुरता आणि त्या एका दूषित पट्ट्यापुरता लिहून घ्यावा, आणि मिळालेली रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवावी, कारण भूजल उपसून शुद्ध करण्याचे आणि विहिरींचे नमुने तपासण्याचे काम तडजोडीनंतरही कित्येक वर्षे चालू राहते.